दुसरी जीभ

बेकरीत एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पीठ मळून झालं की भट्टीकडे जाण्याआधी त्यातली चिमूट दोघांनी जिभेवर ठेवायची. एक, ज्यानं मळलं तो. दुसरा, ज्यानं मळलं नाही असा कुणीही. झाडू मारणारा असला तरी चालेल. "मळणाऱ्याची जीभ आपल्याच हाताला भुलते," असं तिथले जुने वस्ताद म्हणायचे. त्या दुसऱ्या माणसाला सगळे 'दुसरी जीभ' म्हणत. त्याला अट एकच. जे लागलं ते बोलायचं, समोर कुणी का असेना.

आजोबांनी त्या बेकरीत चौतीस वर्षं काढली. आधी झाडू, मग परात, मग भट्टी, आणि शेवटची अकरा वर्षं ते स्वतःच वस्ताद होते. काम सुटलं तेव्हा आजी जाऊन वर्ष झालं होतं. मग ते मुलीकडे राहायला आले. जावई लांब कुठं तरी पुलाच्या कामावर; महिन्यातून दोन दिवस घरी यायचा आणि ते दोन दिवस झोपून काढायचा. मुलगी पोस्टात खिडकीवर बसायची. सकाळी नऊला बाहेर, संध्याकाळी सहाला घरात. शाळा सुटल्यावरची सगळी दुपार आजोबांची आणि दोन नातवंडांची.

मोठी नात सहा वर्षांची. गोडाचा डबा माळ्यावर ठेवा नाहीतर कपाटात, ही तिथं पोचलेली असायची, म्हणून तिचं नाव मुंगी. धाकटा अडीच वर्षांचा. अंगानं गोल आणि स्वभावानं त्याहून गोल, म्हणून भोपळ्या. भोपळ्याचा एकच दोष होता. जग म्हणजे काहीतरी खायची वस्तू आहे असा त्याचा समज होता. बटण, खडू, चपलेचा पट्टा, सगळं आधी तोंडात.

या दोघांच्या दुपारी म्हणजेच आजोबांचं उरलेलं आयुष्य होतं. सकाळी भोपळ्या खालच्या बालवाडीत असायचा आणि ते नुसते घड्याळाकडे बघत बसायचे. बारा वाजता शाळेच्या फाटकातून मुंगी धावत आली, की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची त्यांना सवयच नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नव्हती. गेल्या थंडीत त्यांना ताप आला होता. पंधरा दिवसांनी ते अंथरुणातून उठले, पण नाक आणि जीभ अंथरुणातच राहिली. पहिल्यांदा वाटलं, तोंड आलंय, येईल चव. मग वाटलं, महिनाभरानं येईल. आठ महिने झाले. चहा म्हणजे गरम पाणी, भाजी म्हणजे मऊ काहीतरी, आणि ज्या भाजक्या पिठाच्या वासावर चौतीस वर्षं भट्टी चालवली, तो वास आता आठवायचा म्हटलं तरी आठवेना.

सांगायला हवं होतं. पण तोंड उघडायला जावं आणि नेमकं काहीतरी आड यावं. एकदा पातेल्यात दूध जळलं. धूर डोळ्याला दिसेपर्यंत आजोबांना पत्ता नव्हता. संध्याकाळी मुलीनं काळं पातेलं बघितलं.

"बाबा, लक्ष कुठं असतं तुमचं? सगळ्या जिन्याला वास सुटलाय."

"जरा डोळा लागला होता."

"मुलं घरात असताना? असं असेल तर मला पाळणाघराचा विचार करावा लागेल हं. कोपऱ्यावरच्या बाई सांगत होत्या, दोन जागा रिकाम्या आहेत."

ती हे अर्धं हसतच बोलली होती. पण उरलेलं अर्धं आजोबांच्या पोटात जाऊन बसलं. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून जेवताना ते उगाच म्हणायचे, "आज आमटीला झणका आहे बरं का." कधी म्हणायचे, "मीठ जरा पुढे गेलंय का?" मुलगी चाखून बघायची आणि म्हणायची, "नाही हो, बरोबर आहे." असा एक अंदाजपंचे कारभार चालला होता.

मुंगी मात्र त्या दुधाच्या दिवसापासून आजोबा गॅसपाशी उभे राहिले की शेजारी स्टूल ओढून उभी राहायला लागली. मधेच सहज म्हणायची, "आजोबा, करपतंय," आणि पुन्हा आपल्या बाहुलीची वेणी घालायला लागायची. आजोबांना वाटायचं, पोरीला स्वयंपाकाची आवड दिसतेय. माणसाला जे बघायचं नसतं ते तो किती सफाईनं बघत नाही!

तर त्या आठवड्यात भोपळ्यानं दुकानातल्या रंगीत मातीचा एक निळा गोळा गिळला. काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी गोळा आपल्या वाटेनं आला. पण त्याच्या आईनं मातीचे सगळे डबे कचऱ्यात टाकले. मुंगी दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आजोबा म्हणाले, "चल, आपण खायची माती करू."

"खायची माती? म्हणजे खेळायची की खायची?"

"तू खेळ, भोपळ्या खाईल. दोघांचं भांडण मिटलं."

"आई ओरडेल."

"आई का ओरडेल? पीठ, पिठीसाखर, तेल, पाणी. पोटात गेलं तरी बिस्किटच."

हा बेत मनात येताच आजोबांच्या हातांना कितीतरी दिवसांनी जाग आली. त्यांनी धुतलेला पंचा कमरेला गुंडाळला. दोन वाट्या पीठ मोजून कढईत घातलं आणि मंद आचेवर भाजायला घेतलं.

"मातीला कशाला भाजायचं?" मुंगीनं स्टुलावरून विचारलं.

"कच्चं पीठ पोटाला चांगलं नाही. बेकरीत पोरं कच्चं पीठ खायची आणि दुपारी पोट धरून बसायची. भाजलं की भीती नाही."

ते उलथण्यानं पीठ खालवर करत होते. आधी उलथणं जड चालतं, मग पीठ हलकं होतं आणि वाळूसारखं सरकायला लागतं, हे हाताला कळत होतं. रंग डोळ्याला कळत होता. पण खरी खूण वासाची. ते जरा वाकले, पुन्हा सरळ झाले.

"आला वास," मुंगी म्हणाली. "बिस्किटासारखा."

आजोबांनी गॅस बंद केला. तिनं हे कुणाला सांगितलं आणि का सांगितलं, याचा विचार त्यांनी केला नाही.

ओट्यावरच्या फळीवर काचेच्या बरण्यांची रांग होती. मागच्या रविवारी मुलीनं सगळ्या बरण्या घासून, वाळवून पुन्हा भरल्या होत्या. पिठीसाखर निळ्या झाकणाच्या बरणीत असते, हे आजोबांना पाठ होतं. त्यांनी निळ्या झाकणाची बरणी उघडली, वाटीनं एक वाटी पांढरं बारीक काढलं आणि पिठात ओतलं. बोट लावलं असतं तर कदाचित बोटानं सांगितलं असतं. पिठीसाखर बोटाला चिकटते, बारीक मीठ निसटून जातं. पण त्यांनी वाटीनं घेतलं. बरण्या भरताना मुलीनं झाकणं बदलली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेल घातलं, पाणी शिंपडलं, मळलं. गोळ्याचे तीन भाग केले. एकात बिटाचा रस, एकात पालकाचा, एक तसाच पांढरा. भोपळ्या खाली बसून ताटली वाजवत होता.

"आता बघ," आजोबा म्हणाले. "बेकरीत काय करतात."

त्यांनी गुलाबी गोळ्याची चिमूट काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि मान हलवली. वस्ताद असताना अगदी अशीच हलवायचे. फरक इतकाच, की तेव्हा जीभ बोलायची आणि मान ऐकायची. आता नुसती मानच होती.

"वा! जमलंय. आता तू. तू दुसरी जीभ."

मुंगीनं चिमूट तोंडात टाकली. तिचे डोळे एकदम मोठे झाले. मग तिनं आजोबांकडे बघितलं. ते हसत होते, गालाला पीठ लागलं होतं, कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. मुंगीनं घास गिळला.

"कसं झालंय?"

"मस्त," ती म्हणाली.

मग बेकरीचा खेळ मांडला. मुंगी बिस्किटं करायला बसली, अंगठ्याच्या नखाएवढी, वर काडेपेटीच्या काडीनं नक्षी. आजोबा गिऱ्हाईक झाले.

"काय हो बाई, ताजी आहेत का?"

"आत्ताच भट्टीतून काढली."

"कालची नाहीत ना? मागच्या वेळी तुम्ही मला दगड दिले होते."

"ते तुमचे दात कच्चे होते!"

आजोबा खदखदून हसले आणि एक बिस्किट खाल्लं. "अहाहा! बाई, तुम्हीही खा की. दुकानदारानं आपला माल खाल्ला नाही तर गिऱ्हाइकाला संशय येतो."

मुंगीनं खाल्लं. एक, दुसरं, मग प्रत्येक आग्रहाला एकेक. भोपळ्याच्या हातात आजोबांनी हिरवं दिलं. त्यानं तोंडात घातलं, तोंड वेडंवाकडं केलं, थूऽऽ करून सगळं छातीवर ओघळू दिलं आणि गळा काढला. चपलेचा पट्टा आवडीनं चघळणारा तो पोरगा!

"अरे लबाडा, चप्पल गोड लागते आणि हे नाही?" आजोबा म्हणाले. पण क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हातातल्या हिरव्या गोळ्याकडे बघितलं.

मुंगीनं ती आठी बघितली. तिनं भोपळ्याच्या ताटलीतली उरलेली दोन हिरवी उचलली आणि पटकन तोंडात टाकली. "त्याला काही कळत नाही, आजोबा. छान आहेत."

आठी गेली.

थोड्या वेळानं मुंगी उठून पाणी प्यायली. मग आणखी एक पेला. आजोबांनाही तहान लागली होती, दोन तांबे पाणी पिऊन त्यांनी म्हटलं, "उकाडा वाढलाय." तिसऱ्या पेल्याला मुंगी मोरीपाशीच खाली बसली आणि तिला उलटी झाली. मग दुसरी. ओठ पांढरे पडले. 

त्यांना आधी वाटलं, पीठ कच्चं राहिलं. ते मुंगीची पाठ चोळत राहिले आणि मोठ्यानं शेजारणीला हाका मारल्या. शेजारीण शिवणकाम करायची. गळ्यातली टेप तशीच लोंबत ती धावत आली. तिनं मुंगीचा चेहरा बघितला, ओट्यावरचा गोळा बघितला, बोट लावून चाटलं आणि तोंडावर हात धरला.

"अहो आजोबा, हे मीठ आहे! नुसतं मीठ! किती खाल्लं हिनं?"

"मीठ?"

"तुम्ही चाखलं नाहीत का?"

आजोबा उघड्या बरणीकडे बघत राहिले. त्यांनी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. काही नाही. भिंत चाटावी तसं.

"मी घातलं," मोरीपाशी बसलेली मुंगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आजोबांना माहीत नाही. मी गंमत केली."

शेजारणीनं भोपळ्याला काखेत घेतलं आणि पोस्टात फोन लावला. आजोबांनी मुंगीला खांद्यावर टाकलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. त्या दोन गल्ल्या ते कसे चालले, कुणाला धडकले, चप्पल पायात होती की नव्हती, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यांच्या कानाशी मुंगी पुन्हा पुन्हा पुटपुटत होती, "आईला सांगू नकोस हं आजोबा. मी पण नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलंस?"

"तुला कळत नाही ते. मी तुला लिंबू दिलं होतं ना, सोलून, मोसंबं म्हणून? तू म्हणालास, गोड आहे."

आजोबांचे पाय जागच्या जागी थांबले. मग पुन्हा चालू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मुंगीला तपासलं, रक्त घेतलं, आणि किती खाल्लं ते नीट मोजून विचारलं. "उलटीनं बरंच बाहेर गेलंय, हे नशीब. संध्याकाळपर्यंत इथं राहू दे, मी बघत राहते." मग चष्मा वर करून म्हणाल्या, "धाकट्याच्या पोटात गेलं असतं तर मी इतकी शांत बसले नसते."

मुलगी आली तेव्हा तिच्या बोटांना शिक्क्याची शाई होती. तिनं आधी मुंगीचं कपाळ चाचपलं, डॉक्टरीणबाईंशी बोलली, आणि जीव जरा खाली पडल्यावर जे व्हायचं तेच झालं.

"सहा वर्षांची घोडी झालीस! मीठ-साखर कळत नाही तुला? आणि गंमत म्हणे! आजोबांना फसवतेस? भाऊ मेला असता म्हणजे?"

मुंगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत नव्हती. तिनं फक्त एकदा मान वळवून आजोबांकडे बघितलं, आणि त्या नजरेत आरोप नव्हता. उलट 'काळजी करू नकोस' असंच काहीतरी होतं.

आजोबा बाकावर बसले होते. गप्प राहणं किती सोपं होतं! पोरीनं आपणहून सगळं अंगावर घेतलं होतं. दोन दिवसांनी सगळे विसरले असते. उद्या बारा वाजता ते पुन्हा फाटकाशी उभे राहिले असते. आणि तरी त्यांना डोळ्यापुढे दिसत होती ती बेकरीतली एक दुपार. ते सतरा वर्षांचे, हातात झाडू. जुन्या वस्तादांनी स्वतः मळलेल्या पिठाची चिमूट त्यांच्या जिभेवर ठेवली होती आणि ते म्हणाले होते, "मीठ दुप्पट पडलंय." वस्तादांनी पुन्हा चाखलं. सगळी परात मोरीत ओतली आणि पोराला चहा दिला. एवढ्या दांडग्या माणसासमोर आपण खरं बोललो, कारण त्या माणसानं खरं बोलायची जागा ठेवली होती. आणि आपण? सहा वर्षांच्या दुसऱ्या जिभेला आपण काय शिकवलं?

"तिला बोलू नकोस," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मधे पडू नका. लाडानंच—"

"मीठ मी घातलं. चाखलं पण मीच, तिच्या आधी. मला कळलं नाही. मला काही कळत नाही. वास नाही, चव नाही. त्या तापापासून."

मुलगी मुंगीकडून त्यांच्याकडे वळली.

"तापापासून? बाबा, त्याला आठ महिने झाले."

"हो."

"म्हणजे दूध..."

"हो."

"आणि आमटीला झणका आहे म्हणता ते?"

आजोबांनी मान खाली घातली.  ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"मीठ चुकलं, ते माझ्याकडूनही चुकलं, झाकणं मी बदलली. पण गॅस सुटला असता तर? दोन मुलं घरात. तुम्ही खोलीत बसला असतात आणि तुम्हाला कळलं नसतं. मी रोज नऊ वाजता कुणाच्या भरवशावर दार ओढून जात होते, बाबा?"

"हिला माहीत होतं," आजोबा म्हणाले. "गॅसपाशी स्टूल घेऊन हीच उभी राहायची, करपतंय म्हणून सांगायला."

"म्हणजे हिला सगळं माहीत होतं. ही एवढीशी पोर इतके दिवस तुमच्यावर राखण करत होती. बाहुलीशी खेळायचं सोडून."

सोमवारपासून मुलं कोपऱ्यावरच्या पाळणाघरात जायला लागली. मुलीनं हे रागानं सांगितलं नाही, हिशेबानंही नाही. भाजी आणायची आहे म्हणावं तसं सांगितलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ते म्हणाले, येईलही, न येईलही. आता बारा वाजता आजोबा घरातच असायचे. गॅस बंद आहे ना, हे ते हातानं बघायचे, पुन्हा जाऊन बघायचे. सहा वाजता मुलांना आणायचं काम मात्र मुलीनं त्यांच्याकडे ठेवलं होतं. पाळणाघराच्या दारात मुंगी पूर्वीसारखी धावत यायची नाही. चालत यायची आणि आधी त्यांचा चेहरा बघायची, तपासल्यासारखा. तिचं चुकत नव्हतं. तिला सवय लागली होती.

तिसऱ्या रविवारी सकाळी मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, ते पीठ किती भाजायचं असतं? ही मागे लागलीय."

आजोबा दारापर्यंत गेले, आत गेले नाहीत. "वास..." ते म्हणाले आणि थांबले. "उलथणं हलकं चालेपर्यंत."

"मग या ना, तुम्हीच बघा. मी आहे इथं."

त्यांनी भाजलं. बरणी मुलीनं दिली. त्यांनी वाटी बाजूला ठेवून आधी दोन बोटांत घेऊन चोळलं, आणि बरणी तिच्यापुढे धरली. तिनं चाखून मान हलवली. त्यांनी मळलं. मळून झाल्यावर चिमूट काढली, पण ती आपल्या जिभेवर ठेवली नाही. मुंगीपुढे स्टुलावर बसले आणि वस्तादांची, झाडूवाल्या पोराची आणि मोरीत ओतलेल्या परातीची गोष्ट तिला सांगितली.

"वस्ताद रडले?" मुंगीनं विचारलं.

"नाही. चहा दिला."

"त्यांना वाईट वाटलं असेल."

"वाटलं असेल. वाटू दे. दुसऱ्या जिभेनं त्याची काळजी करायची नसते."

मुंगीनं चिमूट तोंडात घातली. हळूहळू चघळली. आईकडे बघितलं, मग आजोबांकडे बघितलं, आणि तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर तशीच अडकली, सवयीनं. आजोबांनी आपला चेहरा तिला वाचता येऊ नये म्हणून खिडकीकडे वळवला.



"आजोबा," ती शेवटी म्हणाली, "खास नाही झालंय. साखर कमी आहे. आणि थोडं करपलंय पण."

 करपलेलं त्यांना कळलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून पीठ करपलं नव्हतं.

"किती घालू?" त्यांनी विचारलं.

"दोन चमचे," मुंगी म्हणाली. "मग मी परत बघते."